नटांच्या नावाची गाणी

गाण्यात माणसाचे नाव गुंफून त्याचा गौरव करावा, ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. जात्यावर बसलेली माउली ओवीत आपल्या भावाचे नाव घेते. शाहीर डफावर थाप मारून वीराचे नाव उच्चारतो. अफझलखानाच्या वधावर अज्ञानदासाने रचलेला पोवाडा आज साडेतीन शतकांनंतरही महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. नाव घेणे म्हणजे ऋण मान्य करणे, ही आपली समजूत आहे.

विसाव्या शतकात वीराच्या जागेवर हळूहळू नट येऊन बसला. नारायण श्रीपाद राजहंस (१८८८-१९६७) या मुलाला लोकमान्य टिळकांनी ‘बालगंधर्व’ म्हटले आणि पुढे मूळ नाव जणू विरूनच गेले. १९३५ साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात एकनाथांच्या भूमिकेत ते पडद्यावरही आले. या नटश्रेष्ठावर ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेली कविता आजही मराठी माणसाच्या तोंडी आहे. एका नटाविषयी एका महाराष्ट्रीय कवीने केलेले ते कृतज्ञतेचे उच्चारण होय.

नटांच्या नावाने गाणी रचण्याची ही प्रथा जगात इतरत्रही आहे, हे आम्हाला कळले ते मात्र योगायोगाने. केंद्र सरकारच्या नोकरीतील सुरुवातीच्या काळात आमची बदली शिलाँगला झाली. नाट्यगीते आणि भावगीते यांवर पोसलेला आमचा कान. आणि ते गाव तर पाश्चात्त्य संगीताचे वेडे! कचेरीतील एका खासी सहकाऱ्याच्या घरी पावसाळ्यातील एका संध्याकाळी त्याने एक ध्वनिफीत लावली. खरखरीत, घोगऱ्या आवाजात एक बाई गात होती आणि पुन्हा पुन्हा कोणा ‘बेटी’चे नाव घेत होती. आम्ही भाबडेपणाने विचारले, “ही कोणाची बेटी?” सहकारी पोट धरून हसला. ती बेटी म्हणजे बेटी डेव्हिस ही हॉलीवूडची नटी आणि गाणे तिच्या डोळ्यांविषयी, असा खुलासा झाला. त्या रात्री घरी परतताना आमच्या मनात एक प्रश्न उभा राहिला. अशा गाण्यात गौरव होतो तो नेमका कोणाचा? पडद्यावरील प्रतिमेचा, तिच्यामागील माणसाचा, की गाणाऱ्याच्याच मनातील कशाचा? आणि ज्याचा गौरव झाला, त्याच्यापर्यंत तो पोहोचतो काय? पुढे फावल्या वेळात या प्रश्नाचा माग काढीत गेलो, त्याचा हा अल्पसा वृत्तान्त.

या गाण्यांचा आरंभ मूकपटांच्या काळातच झालेला दिसतो. चार्ली चॅप्लिन १९१४ च्या फेब्रुवारीत प्रथम पडद्यावर आला. त्याच महिन्यात त्याची ती आखूड कोट, ढगळ विजार आणि वाकडी काठी ही मूर्ती प्रेक्षकांनी पाहिली. पुढच्याच वर्षी, १९१५ मध्ये, अमेरिकेत त्याच्या चालण्यावर आणि त्याच्या पायांवर गाणी छापून विकली जाऊ लागली. त्या काळी गाणे घरोघरी पोहोचे ते मुख्यतः छापील स्वरलिपीच्या रूपाने. घरच्या पियानोवर ती ठेवावी आणि कुटुंबाने मिळून म्हणावे, असा रिवाज होता.

तथापि चॅप्लिनवरील सर्वांत गाजलेले गाणे कोणा व्यावसायिक कवीने मुद्दाम रचलेले नव्हते. पहिले महायुद्ध पेटले होते. ‘रेड विंग’ या १९०७ सालच्या एका लोकप्रिय अमेरिकन गाण्याच्या चालीवर ब्रिटिश सैनिकांनी स्वतःचे शब्द बसविले. त्यात चंद्र चॅप्लिनवर प्रकाशतो आहे, त्याच्या बुटांची आणि विजारीची दैना झाली आहे, आणि या गड्याला आता दार्दानेल्सला पाठवा, असा मथितार्थ होता. दार्दानेल्स ही तुर्कस्तानातील सामुद्रधुनी. तिच्या काठी १९१५ साली गॅलिपोलीच्या मोहिमेत हजारो सैनिक मरत होते. सव्वीस वर्षांचा धडधाकट इंग्रज तरुण अमेरिकेत विनोदी चित्रपट करतो आणि रणांगणावर येत नाही, याबद्दल मायदेशी त्याच्यावर टीका होत होती; त्या टीकेचा डंख या गाण्यात आहे. पण नुसता डंख असता तर ते गाणे चिखलाने भरलेल्या खंदकांत टिकले नसते. फाटक्या बुटांचा तो भणंग सैनिकांना आपल्यातलाच एक वाटत होता. आपल्या हालांची थट्टा करण्यासाठी त्यांना एक नाव हवे होते, ते त्यांना चॅप्लिनमध्ये सापडले. १९१८ साली त्याच चॅप्लिनने मेरी पिकफोर्ड आणि डग्लस फेअरबँक्स यांच्यासह अमेरिकेत युद्धकर्जाच्या रोख्यांचा प्रचार केला. सैनिकांचे गाणे मात्र तसेच राहिले. गाणे एकदा लोकांच्या तोंडी बसले की त्यात दुरुस्तीचा अर्ज चालत नाही, हे आमच्यासारख्या कारकुनी पेशातील माणसाने नमूद करून ठेवण्यासारखे आहे!

दुसरे उदाहरण रुडॉल्फ व्हॅलेंटिनोचे. इटलीत जन्मलेला हा देखणा तरुण १९२१ च्या ‘द शेख’ चित्रपटाने स्त्रियांच्या हृदयाचा सम्राट झाला. त्या चित्रपटाच्या लाटेवर त्याच वर्षी अरबस्तानच्या शेखावर एक गाणे निघाले, ते जाझ वादकांनी पुढे अनेक दशके वाजविले. २३ ऑगस्ट १९२६ रोजी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, व्हॅलेंटिनो न्यूयॉर्कमध्ये निवर्तला. अंत्यदर्शनासाठी अलोट गर्दी लोटली, खिडक्यांची तावदाने फुटली. त्याच वर्षी, आकाशात आज एक नवा तारा उगवला आहे, अशा आशयाचे शोकगीत त्याच्या नावासह बाजारात आले. बोलपटाचे युग अद्याप सुरू व्हायचे होते. ज्याचा आवाज प्रेक्षकांनी पडद्यावर कधी ऐकलाच नाही, त्याच्यासाठी लोक गात होते, ही गोष्ट आम्हाला विलक्षण वाटते. त्या शोकात व्यापार होता, हे खरे. पण ती छापील पाने विकत घेऊन घरी रडत गाणाऱ्या मुलींचा शोक खोटा होता, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

१९३७ सालचा प्रसंग निराळा आणि हृद्य आहे. नट क्लार्क गेबल याच्या वाढदिवसाच्या समारंभात चौदा वर्षांच्या एका मुलीने १९१३ सालचे एक जुने प्रेमगीत गायिले. संगीतकार रॉजर इडन्स याने त्या गाण्याला एक नवा भाग जोडला होता. एक शाळकरी मुलगी आपल्या आवडत्या नटाला, गेबलसाहेबांना, पत्र लिहिते आहे, अशी कल्पना. ते इतके आवडले की त्याच वर्षी एका चित्रपटात घेतले गेले. ती मुलगी म्हणजे जूडी गारलंड. दोनच वर्षांनी ती स्वतःच तारका झाली, आणि मग हजारो मुली तिला पत्रे लिहू लागल्या. १९६९ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, तिचा अंत झाला. पत्र लिहिणारी मुलगी आणि पत्रे स्वीकारणारी तारका यांच्यामध्ये किती थोडे अंतर असते, आणि ते ओलांडण्याची किंमत किती मोठी असते!

पुढील तीन दशके ओलांडून आपण १९७० च्या दशकात येतो. या दशकात अशा गाण्यांना जणू बहर आला. त्याचे कारण उघड आहे. ज्या पिढीने लहानपणी अंधाऱ्या चित्रपटगृहांत हे नट पाहिले, ती पिढी आता स्वतः गाणी लिहू लागली होती, आणि ते नट तोवर वृद्ध तरी झाले होते किंवा मरण तरी पावले होते. १९७२ मध्ये ‘किंक्स’ या इंग्रज वाद्यवृंदाच्या रे डेव्हिसने हॉलीवूडच्या पदपथावरील ताऱ्यांत कोरलेल्या नावांवर एक गाणे रचले. ग्रेटा गार्बो, व्हॅलेंटिनो, मॅरिलिन मन्रो अशी नावे त्यात एकामागून एक येतात. पदपथावरील नावांवरून लोक चालत जातात, ही साधी वस्तुस्थितीच त्या गाण्याचा प्राण आहे. १९७४ मध्ये ‘ईगल्स’ या अमेरिकन वृंदाने जेम्स डीनच्या नावाचे गाणे गायिले. केवळ तीन चित्रपटांत प्रमुख भूमिका करून हा नट ३० सप्टेंबर १९५५ रोजी मोटार अपघातात चोविसाव्या वर्षी गेला. त्यांतील दोन चित्रपट तर त्याच्या मृत्यूनंतर प्रदर्शित झाले.

या साऱ्यांत मुकुटमणी म्हणून गणले जाते ते १९७३ चे ‘कँडल इन द विंड’. शब्द बर्नी टॉपिनचे, संगीत आणि गायन एल्टन जॉनचे. मॅरिलिन मन्रो १९६२ च्या ऑगस्टमध्ये छत्तिसाव्या वर्षी गेली होती. कवीने तिला हाक मारली ती ‘मॅरिलिन’ म्हणून नव्हे, तर ‘नॉर्मा जीन’ या तिच्या जन्मनावाने. त्या एका हाकेत साऱ्या गाण्याचे मर्म आहे. चित्रपटसृष्टीने दिलेले नाव बाजूला सारून, त्याखाली दबलेल्या मुलीला तो शोधतो आहे. गंमत अशी की, आपण मॅरिलिनचा मोठासा भक्त नव्हतो, हे गाणे अकाली विझलेल्या कोणाही प्रसिद्ध माणसावर होऊ शकले असते, असे टॉपिनने पुढे स्वतःच सांगितले. काळाने त्याचे म्हणणे शब्दशः खरे केले. ३१ ऑगस्ट १९९७ रोजी राजकन्या डायना अपघातात मरण पावली. ६ सप्टेंबरला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये एल्टन जॉनने तीच चाल, बदललेल्या शब्दांनिशी, तिच्यासाठी गायिली. त्या नव्या ध्वनिमुद्रिकेच्या सुमारे ३ कोटी ३० लाख प्रती खपल्या असे मानले जाते. नॉर्मा जीनची वेदी दुसऱ्या देवतेला दिली गेली. मॅरिलिनला यातले एकही गाणे ऐकता आले नाही, हे सांगावयास नकोच.

आता आम्ही शिलाँगच्या त्या संध्याकाळीकडे वळतो. बेटी डेव्हिस (१९०८-१९८९) ही रूढ अर्थाने रूपवती नव्हती. पण तिचे टपोरे, पापण्यांनी जडावलेले डोळे पडद्यावर संवादाचे काम करीत. तिला दोनदा ऑस्कर पारितोषिक मिळाले, १९३५ च्या ‘डेंजरस’ आणि १९३८ च्या ‘जेझेबेल’साठी. तिचा १९४२ चा ‘नाऊ, व्हॉयेजर’ हा चित्रपट पाहून जॅकी डीशॅनन या गायिकेला गाण्याची कल्पना सुचली, आणि १९७४ मध्ये डोना वाइससह तिने ते लिहिले. पुढल्या वर्षी डीशॅननने ते स्वतः गायिले, पण कोणी फारशी दखल घेतली नाही. सहा वर्षे ते पडून राहिले. १९८१ मध्ये किम कार्न्सने आपल्या घोगऱ्या आवाजात, नव्या विद्युत्-वाद्यांच्या साथीने ते पुन्हा गायिले. तेव्हा एका आठवड्याचा खंड वगळता ते नऊ आठवडे अमेरिकेच्या यादीत अग्रभागी राहिले. १९८२ मध्ये त्याला ग्रॅमीची दोन प्रमुख पारितोषिके मिळाली.

या गाण्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. ते बेटी डेव्हिसविषयी नाहीच. ते एका अनामिक मोहिनीविषयी आहे, जिचे डोळे बेटी डेव्हिससारखे आहेत. आपल्या साहित्यशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर नटी येथे उपमेय नसून उपमान आहे. ‘गंधर्वासारखा गळा’ म्हणताना आपण गंधर्वाची चर्चा करीत नाही. गंधर्व सर्वांना ठाऊक आहे, हे गृहीत धरतो. नाव भाषेतच मिसळून जाणे यापरता मोठा मान नाही.

आणि हा मान त्या नटीला जिवंतपणी लाभला. त्या वेळी ती त्र्याहत्तर वर्षांची होती. तिची कारकीर्द जुनी झाली होती. तरुण पिढीला ती आजीबाई वाटत होती. तिने दोन्ही गीतकार आणि गायिका, तिघींनाही पत्रे लिहिली. तुम्ही मला आधुनिक काळाचा भाग केलेत, आता माझा नातू मला मानू लागला आहे, असा त्या पत्रांचा आशय होता. पारितोषिके मिळाल्यावर तिने त्यांना गुलाबपुष्पे धाडली. चॅप्लिनच्या गाण्यात थट्टा होती, व्हॅलेंटिनोच्या गाण्यात शोक होता, मॅरिलिनच्या गाण्यात पश्चात्ताप होता. या एका गाण्याला पोचपावती मिळाली. आयुष्यभर टपाल नोंदविणाऱ्या आमच्या मनाला त्या पोचपावतीचे मोल अधिक वाटते.

यानंतर १९८४ साली इंग्लंडात दोन गाणी आली. ‘बनानारामा’ या तीन मुलींच्या संचाने रॉबर्ट डी नीरोचे नाव घेतले. कटू अनुभवाने घाबरलेली एक मुलगी पडद्यावरील नटाच्या कल्पनेचा आसरा घेते, असा त्याचा विषय होता. ‘मॅडनेस’ या वृंदाने मायकेल केनच्या नावाचे गाणे केले आणि त्यात स्वतः केनने आपला आवाज दिला. गौरवमूर्तीनेच गौरवगीतात हजेरी लावावी, असा हा विरळा योग.

आपल्याकडील चित्रपटांत नटाच्या नावाने गाणे रचण्याची तितकीशी गरज पडली नसावी, असे आम्हाला वाटते. कारण येथे प्रत्येक गाणे आपोआपच नटाच्या नावावर जमा होते. गळा किशोरकुमारचा, चाल बर्मनांची, शब्द आनंद बक्षींचे. पण रसिक म्हणतो ‘राजेश खन्नाचे गाणे’. याचे टोक १९४९ साली गाठले गेले. ‘महल’ चित्रपटातील लताबाईंच्या त्या अजरामर गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापले होते ‘कामिनी’ असे. कामिनी हे मधुबालेने केलेल्या पात्राचे नाव. श्रोत्यांनी आकाशवाणीकडे विचारणा सुरू केली, तेव्हा खरे नाव जगाला कळले. नटीच्या छायेत गायिकेचे नाव झाकले जावे आणि ते श्रोत्यांच्या आग्रहाने बाहेर यावे, हीसुद्धा नामगौरवाचीच एक कथा आहे.

तरीही २०१३ साली एक गाणे असे आले की ज्याचा उल्लेख परप्रांतात राहणाऱ्या आपणांसारख्या मराठी कुटुंबांनी आवर्जून करावा. ‘चेन्नई एक्सप्रेस’ या हिंदी चित्रपटाच्या अखेरीस येणारे ‘लुंगी डान्स’ हे ते गाणे. त्याच्या उडत्या चालीने आमच्या वयाच्या पुष्कळांनी कानांवर हात ठेवले असतील. पण ते रजनीकांत यांना वाहिलेली आदरांजली म्हणून केलेले आहे. हा तामीळ जनतेचा ‘तलैवा’ कोण? १२ डिसेंबर १९५० रोजी बंगळुरात एका मराठीभाषक कुटुंबात जन्मलेला शिवाजीराव गायकवाड. वडील पोलीस खात्यात शिपाई. मुलाचे नाव ठेवले छत्रपतींवरून. तरुणपणी तो बंगळुरात बसवाहक होता. दिग्दर्शक के. बालचंदर यांनी १९७५ साली ‘अपूर्व रागंगळ’ या चित्रपटात त्याला प्रथम भूमिका दिली आणि रजनीकांत हे नावही दिले. नॉर्मा जीनची मॅरिलिन झाली, नारायणाचा बालगंधर्व झाला, तसाच शिवाजीरावांचा रजनीकांत झाला. मराठी घरातील मुलगा कन्नड मुलखात वाढला, तामीळ भाषेत मोठा झाला आणि हिंदी गाण्यात गौरविला गेला. महाराष्ट्राबाहेर मुले वाढविताना ‘ही कोणाची होतील?’ अशी जी धास्ती आपणांस वाटते, तिला याहून दिलासा देणारे उत्तर आम्हाला ठाऊक नाही.

याच कथेचा उत्तरार्ध आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. २५ ऑक्टोबर २०२१ रोजी दिल्लीत रजनीकांत यांना दादासाहेब फाळके पुरस्कार प्रदान झाला. ज्या महाराष्ट्रीय पुरुषाने १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ निर्माण केला, त्याच्या नावाचा हा पुरस्कार. तो स्वीकारताना त्यांनी गुरू बालचंदर यांचे, पितृतुल्य बंधू सत्यनारायणराव यांचे, आणि राजबहादूर या बसचालक मित्राचे नाव घेतले. तू नट हो, असा आग्रह या मित्राने एके काळी धरला होता. ज्याच्या नावाने देश नाचला, त्याने सर्वोच्च सन्मानाच्या क्षणी आपल्या जुन्या बसच्या चालकाचे नाव उच्चारले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला तेथे मिळाले. नामगौरव म्हणजे चकाकत्या प्रतिमेमागील माणूस ओळखणे आणि त्या माणसानेही आपल्यामागील माणसे ओळखणे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्हाला आपल्या मंडळातच मिळाले, आणि ते सांगताना संकोच वाटतो. गणेशोत्सवात वर्षानुवर्षे पेटीची साथ करणारे आपले एक वृद्ध सभासद होते. जुनी मंडळी त्यांना नाव न सांगताही ओळखतील. नाटक कोणतेही असो, गाणारा पट्टीत असो वा नसो, ते सांभाळून घेत. त्यांच्यावर एक पद रचून गणेशोत्सवात म्हणावे, असे आमच्या मनात होते. दोन कडवी लिहिलीही. तपासणी, दौरा, वर्षअखेर अशा कारणांनी तिसरे कडवे राहिले. ‘पुढल्या वर्षी’ असे म्हणता म्हणता तीन गणेशोत्सव गेले. तिसरे कडवे लिहिले ते त्यांच्या शोकसभेच्या आदल्या रात्री. पद सर्वांना आवडले, काहींचे डोळे पाणावले. पण पेटी वाजवायला कोणी नव्हते, आणि ज्यांनी ऐकायचे ते गेले होते. व्हॅलेंटिनोच्या गाण्याच्या रांगेत आमचेही एक गाणे जाऊन बसले.

आज मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. हा उत्सव आहे. म्हणून उदास सुरावर हा लेख संपवीत नाही. पहिल्या गणपतीची आरास ज्यांनी स्वतःच्या साड्यांनी केली, ज्यांनी भाड्याच्या दोन खोल्यांत मुलांना बाराखडी शिकविली, ज्यांनी नाटकाचे पडदे डोक्यावरून वाहून आणले, त्यांतील काही जण आजही पहिल्या रांगेत बसतात. त्यांच्यासाठी या वर्षी एक पद व्हावे, त्यात त्यांची नावे यावीत आणि ते त्यांच्या समक्ष म्हटले जावे, अशी कार्यकारिणीला आमची नम्र विनंती आहे. चाल कोणतीही चालेल. पहिले कडवे लिहून आम्ही सोबत जोडले आहे. उरलेली कडवी मंडळाने वेळेत पुरी करावीत.